एक करडा कागद आणि ली फिल्टर्सचे जेल : सोलापुरातील वस्त्र-छायाचित्रणासाठी एक परीक्षण

सोलापुरात स्टुडिओतील फॅशन छायाचित्रणाचे काम प्रामुख्याने कापडाच्या व्यापारातून येते. नवी पेठ आणि चाटी गल्लीतील साडीची दुकाने, तयार कपड्यांचे आणि शालेय गणवेशांचे कारखानदार, तसेच स्वतःचा लहानसा ब्रँड सुरू करून मोबाइलवरून विक्री करणारी नवी मंडळी हे या कामाचे ग्राहक आहेत. त्यांची मागणी साधी असली तरी पुरवायला अवघड असते. एकाच दिवसात बरेच नग टिपून व्हावेत, प्रत्येक नगामागे त्याला शोभेल अशी वेगळी पार्श्वभूमी असावी आणि कापडाचा रंग मात्र दुकानात दिसतो तसाच छायाचित्रात दिसावा, अशी त्यांची अपेक्षा असते. ही अपेक्षा पूर्ण करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे कागदी बॅकड्रॉप, म्हणजे मॉडेलच्या मागे लावायचे मोठे कागद, विकत घेणे आणि दुसरा म्हणजे एकाच करड्या कागदावर रंगीत जेल, म्हणजे दिव्यापुढे धरायची रंगीत पारदर्शक फिल्म, लावलेल्या दिव्याने हवा तो रंग टाकणे. मी गेला बराच काळ दुसऱ्या मार्गाने काम करत आहे. त्यासाठी इंग्लंडच्या ली फिल्टर्स या कंपनीचे जेल वापरतो आणि त्यांचेच हे परीक्षण आहे.

कागदी बॅकड्रॉपबद्दल माझी तक्रार नाही. २.७२ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब असा जो रोल सर्वत्र प्रचलित आहे, त्याचा रंग सपाट आणि एकसारखा मिळतो आणि अगदी कमी ताकदीच्या दिव्यांवरही तो चांगला दिसतो. परंतु असे आठ-दहा रोल ठेवायला भिंतीची जागा लागते, मॉडेलच्या पायांनी प्रत्येक रोलचा खालचा भाग मळतो आणि मळलेला भाग कापून टाकावा लागतो, आणि दोन नगांच्या मध्ये रोल बदलण्यात जो वेळ जातो तो अखेर ग्राहकाच्याच वेळेतून जातो. जेल बदलायला मात्र अर्धा मिनिटही लागत नाही.

ली फिल्टर्सची स्थापना १९६७ साली झाली आणि तिचे उत्पादन इंग्लंडमधील अँडोव्हर येथे होते. याच क्षेत्रातील अमेरिकेची रॉस्को ही कंपनी त्याहून जुनी, म्हणजे १९१० सालची आहे. दोन्ही कंपन्यांचा माल मुळात रंगभूमी आणि चित्रपट यांच्यासाठी तयार होतो. आपल्याकडे हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाची प्रकाशयोजना करणारी जुनी मंडळी याच वस्तूला आजही ‘जिलेटिन’ म्हणतात. पूर्वी हे कागद खरोखरच जिलेटिनचे असत, आता ते प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचे असतात. लीच्या जेलमध्ये पॉलिएस्टरच्या फिल्मवर रंगाचा थर दिलेला असतो. एक शीट १.२२ मीटर लांब आणि ०.५३ मीटर रुंद येते. दिव्याच्या तोंडावरच्या सात इंची वाटीवर, म्हणजे रिफ्लेक्टरवर, लावायला साधारण पंचवीस सेंटिमीटरचा चौरस तुकडा पुरतो, म्हणजे एका शीटमधून असे आठ तुकडे निघतात आणि थोडी पट्टी शिल्लक राहते. एका रंगाची एक शीट लहान स्टुडिओला दीर्घकाळ पुरते ती यामुळेच. बॅकड्रॉपसाठी सहसा एक किंवा दोन दिवे वापरले जातात, त्यामुळे खराब झालेला तुकडा टाकून नवा लावण्याची चैन परवडते.

या जेलचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण त्यांच्या क्रमांकात आहे. १०६ म्हणजे प्रायमरी रेड, ११९ म्हणजे डार्क ब्लू, ११३ म्हणजे मजेंटा, १२६ म्हणजे मॉव्ह, ११५ म्हणजे पीकॉक ब्लू. हे क्रमांक वर्षानुवर्षे तेच असतात आणि शीट कोणत्याही दुकानातून घेतली तरी रंगात डोळ्याला जाणवेल असा फरक पडत नाही. कॅटलॉगच्या कामात याचे महत्त्व फार आहे. संक्रांतीपूर्वी, गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीत, एखाद्या व्यापाऱ्याने साड्यांची एक मालिका टिपून घेतलेली असते आणि लग्नसराईच्या तोंडावर तो त्याच मालिकेत आणखी काही नग घालायला येतो. तेव्हा नव्या छायाचित्रांची पार्श्वभूमी जुन्या छायाचित्रांशी जुळलीच पाहिजे. जेलचा क्रमांक, दिव्याची ताकद, दिव्यापासून कागदापर्यंतचे अंतर आणि कॅमेऱ्याची मांडणी एवढ्या गोष्टी वहीत लिहून ठेवलेल्या असतील, तर तोच रंग पुन्हा उभा करता येतो. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त संचात ही सोय नसते. त्यात रंगांची संख्या मोठी असते, परंतु कागदावर क्रमांक नसतो, एकाच शीटवर रंग कुठे दाट तर कुठे विरळ आढळतो आणि दुसऱ्या वेळी मागवलेल्या संचातला ‘निळा’ पहिल्या संचातल्या निळ्याशी जुळत नाही. हौसेखातर पोर्ट्रेट काढणाऱ्याला तो संच पुरेल, पण व्यापाऱ्याला वचन देऊन काम करणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

कंपनीची नमुना-पुस्तिका मिळवणे ही या खरेदीची खरी सुरुवात आहे. तिच्यात प्रत्येक रंगाचा लहान तुकडा असतो आणि त्यासोबत तो रंग किती टक्के प्रकाश पार जाऊ देतो हेही छापलेले असते. ही टक्केवारी वाचायची सवय लागली की अनेक निर्णय दिवा लावण्यापूर्वीच घेता येतात. जेल प्रकाशात रंग मिसळत नाही, तो नको असलेले रंग शोषून घेतो आणि उरलेला प्रकाश पुढे सोडतो. म्हणून जेल जितका गडद तितका प्रकाशाचा खर्च मोठा होतो. फिकट पिवळ्यामधून बहुतांश प्रकाश पार होतो, त्यामुळे फ्लॅशची ताकद जवळपास वाढवावीच लागत नाही. ज्या जेलमधून फक्त तीन टक्के प्रकाश बाहेर येतो, तिथे मात्र सुमारे पाच स्टॉपचा फटका बसतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे, म्हणजे त्याच उजेडासाठी फ्लॅशला बत्तीसपट ताकद लावावी लागते. लहान फ्लॅश घेऊन गडद निळ्याचा हट्ट धरणाऱ्यांना चित्रात काळा बॅकड्रॉप मिळतो, त्याचे कारण हेच आहे.

आता करड्या कागदाविषयी सांगतो, कारण जेल कितीही चांगला असला तरी तो कशावर पडतो यावर निम्मे यश अवलंबून आहे. करड्या कागदावर रंग अधिक भरीव येतो असे सगळेच सांगतात, पण त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. मॉडेलवर टाकलेला मुख्य दिवा, म्हणजे की लाइट, कितीही जपून लावला तरी त्यातला थोडा पांढरा प्रकाश मागच्या कागदापर्यंत पोहोचतोच. हा सांडलेला पांढरा प्रकाश रंगीत प्रकाशात मिसळतो आणि रंग धुतल्यासारखा फिका पडतो. कागद पांढरा असेल तर तो दोन्ही प्रकाश भरभरून परत पाठवतो आणि करडा असेल तर दोन्ही प्रकाश सारख्याच प्रमाणात दाबतो. म्हणजे केवळ कागद बदलल्याने पांढऱ्याचे आणि रंगीताचे प्रमाण बदलत नाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. करड्या कागदावर पार्श्वभूमी पुन्हा हव्या त्या उजेडात आणण्यासाठी आपण फक्त जेलच्या दिव्याची ताकद वाढवतो, की लाइट आहे तसाच राहतो आणि त्यामुळे कागदावर रंगीत प्रकाशाचा वाटा मोठा होतो. पांढऱ्या कागदाच्या तुलनेत मध्यम करड्या कागदाला सुमारे सव्वादोन स्टॉप जास्त ताकद लागते. तेवढी ताकद दिव्यात असेल तर करड्यासारखा कागद नाही आणि नसेल तर पांढऱ्यावरच काम करणे शहाणपणाचे ठरते. काळ्या कागदावरही जेलचा रंग उमटतो आणि फार गहिरा उमटतो, परंतु त्यासाठी लागणारी ताकद आमच्यासारख्या लहान स्टुडिओच्या आवाक्यातली नाही.

रंगाची गडदता ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पार्श्वभूमीचे एक्स्पोजर. एकच १२६ क्रमांकाचा मॉव्ह जेल मुख्य उजेडापेक्षा दीड स्टॉप खाली ठेवला तर पिकलेल्या जांभळासारखा गर्द दिसतो आणि एक स्टॉप वर नेला तर फिकट गुलाबीकडे झुकतो. त्यामुळे फिकट छटांसाठी वेगळा जेल घेण्याची गरज बऱ्याचदा पडत नाही. मात्र येथे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे एकूण उजेडाच्या आलेखावर, विश्वास ठेवू नये. लाल, हिरवा आणि निळा या तीन वाहिन्यांचा वेगवेगळा आलेख पाहावा, कारण गडद लाल पार्श्वभूमीत एकूण उजेड मध्यम दिसत असताना लाल वाहिनी केव्हाच टोकाला जाऊन भिडलेली असते आणि मग कागदावरची प्रकाशाची चढउतार नाहीशी होऊन एक सपाट डाग उरतो.

या पद्धतीची सर्वांत कठोर अट खोलीच्या लांबीची आहे. आपल्याकडचे बरेच स्टुडिओ दुकानांच्या वरच्या मजल्यावरील एखाद्या खोलीत थाटलेले असतात आणि तिथे मॉडेल कागदाला जवळपास टेकून उभी राहते. अशा जागेत जेल आपले काम करू शकत नाही. की लाइट मॉडेलपासून चार फुटांवर आणि कागद तिच्या मागे चार फुटांवर असेल, तर कागदापर्यंत पोहोचणारा पांढरा प्रकाश मॉडेलवरच्या प्रकाशापेक्षा फक्त दोन स्टॉप कमी असतो. कागद आठ फूट मागे नेला की हा फरक तीन स्टॉपच्या पुढे जातो आणि रंग एकदम खुलतो. की लाइट बाजूला वळवून त्याच्या सॉफ्टबॉक्सला, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीला, प्रकाश बाजूंना पसरू न देणारी कापडी जाळी, म्हणजे ग्रिड, लावल्यास सांडणारा प्रकाश आणखी कमी होतो. ज्यांची खोली पंधरा फुटांपेक्षा लहान आहे त्यांनी जेलवर खर्च करण्याआधी ग्रिडवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापडाकडे वळलो की या विषयाची खरी परीक्षा सुरू होते. पांढरा सदरा आणि निळी पँट असा गणवेश टिपताना पांढरे कापड बाजूने येणारा कोणताही रंग जसाच्या तसा उचलते. कागदावरून परतलेला गुलाबी प्रकाश सदऱ्याच्या कडेवर आला, तर शाळेचा माणूस ते कापड पांढरे आहे यावर विश्वास ठेवत नाही. त्यामुळे गणवेशासाठी मी गडद रंग टाळतो. करड्या कागदावर २०५ क्रमांकाचा हाफ सीटीओ, म्हणजे दिव्याचा पांढरा प्रकाश उबदार करणारा जेल, टाकतो. त्यातून मातकट, उबदार तपकिरी पार्श्वभूमी मिळते. ती डोळ्यांत भरत नाही आणि कडेवर तिचा अंश आला तरी खुपत नाही.

इरकल साडीचे गणित वेगळे आहे. सोलापूरकडे इरकल नेसली जाते आणि तिची ओळख लाल पदर व त्यावरच्या पांढऱ्या नक्षीत असते. अंगाचा रंग गडद हिरवा असलेल्या इरकलीमागे मजेंटा टाकण्याचा मोह होतो, कारण हे दोन रंग एकमेकांसमोर उठून दिसतात. परंतु हिरवे कापड मजेंटा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे साडीच्या कडेवर तो प्रकाश आला तर कड रंगीत होण्याऐवजी काळपट दिसते आणि लाल पदर मात्र पार्श्वभूमीत मिसळून जातो. अशा साडीला ११५ क्रमांकाचा पीकॉक ब्लू मंद उजेडात ठेवला, तर हिरवे अंग त्याच्याशी नाते सांगते आणि पदर वेगळा उठतो. जरीच्या साड्यांना याहून अधिक सांभाळावे लागते. जरीचा धागा आरशासारखा वागतो आणि मागच्या कागदाचा रंग थेट परत फेकतो. काठावरचा सोनेरी जरीचा धागा निळा दिसू लागला तर पैठणीचे गिऱ्हाईक नक्कीच शंका घेईल. यावर उपाय असा की मॉडेल कागदापासून आणखी पुढे आणावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या बाहेर, काळे थर्मोकोल उभे करावेत, म्हणजे तिरपा येणारा रंगीत प्रकाश अडतो. ऑर्गेंझा किंवा नेटच्या पारदर्शक पदरातून तर पार्श्वभूमीचा रंग आरपार दिसणारच. तिथे साडीच्याच कुळातला रंग निवडणे एवढेच हाती उरते, आणि तो नीट निवडला तर छायाचित्र फार देखणे होते.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची मांडणी, आपोआप ठरण्यावर कधीही सोडू नये. मोठी रंगीत पार्श्वभूमी दिसली की कॅमेरा तो रंग मारण्याचा प्रयत्न करतो आणि त्या झटापटीत कापडाचा रंग बिघडतो. फ्लॅशसाठी ५५०० केल्विनच्या आसपास आकडा पक्का करून, प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला जेलचा दिवा बंद ठेवून करड्या कार्डाचे एक छायाचित्र घ्यावे.

जेल लावण्याच्या बाबतीत सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो, पंख्याखाली स्टुडिओ तापलेला असतो आणि त्यात फ्लॅशचा मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे प्रकाश कसा पडेल ते आधी दाखवणारा सतत जळणारा दिवा, चालू राहिला तर जेल वाकतो, मधोमध फिका पडतो आणि शेवटी जळून त्याला भोक पडते. कोणत्याही कंपनीच्या जेलच्या बाबतीत हे खरे आहे आणि गडद निळे व गडद हिरवे रंग यात सर्वांत आधी बळी पडतात, कारण जितका प्रकाश ते शोषतात तितके ते तापतात. बॅकड्रॉपच्या दिव्याचा मॉडेलिंग लॅम्प मी कायम बंद ठेवतो. जेल फ्लॅशच्या काचेच्या नळीला न चिकटवता बार्न डोअरच्या, म्हणजे दिव्याच्या तोंडावरील उघडझाप होणाऱ्या धातूच्या पाकळ्यांच्या, पुढच्या कडेला धातूच्या चिमट्यांनी लावतो, म्हणजे मधून हवा खेळते. साधी चिकटपट्टी तापून सुटते आणि तिचा चिकट अंश शीटवर राहतो. बाजूच्या फटींतून पांढरा प्रकाश निसटत असेल, तर तिथे काळा जाड फॉइल वळवून लावावा. या एका फटीमुळे सगळा रंग बिघडलेला मी अनेकांच्या कामात पाहिला आहे. वापर झाल्यावर शीट घडी न घालता नळीत गुंडाळून ठेवावी आणि आपल्याकडची बारीक धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी.

हल्ली रंग बदलणाऱ्या आरजीबी एलईडी दिव्यांमुळे जेलची गरज संपली असे म्हटले जाते. हे मत मला अर्धेच पटते. व्हिडिओसाठी, आणि आता जवळपास प्रत्येक दुकानदाराला रील हवी असते, एलईडी निर्विवाद सोयीचे आहेत. बटण फिरवून रंग मिळतो आणि तो डोळ्यांसमोर दिसतो. पण फ्लॅशसोबत स्थिर छायाचित्र काढताना एलईडीचा प्रकाश फार तोकडा पडतो. तो कागदावर दिसावा म्हणून शटर मंद करावे लागते किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागतो, आणि मग मॉडेल हलली की घेरदार कपड्याच्या कडा अस्पष्ट होतात. ज्याच्याकडे फ्लॅश आधीच आहेत त्याने स्थिर छायाचित्रांसाठी जेलच घ्यावेत. संगणकावर पार्श्वभूमी बदलण्याचा तिसरा मार्गही आहे, परंतु सुटे केस, झालर आणि पारदर्शक पदर यांच्या कडा त्यात खोट्या दिसतात आणि साडीच्या व्यापाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

छापील कॅटलॉग करणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. ११९ सारखा गडद निळा मोबाइलच्या पडद्यावर झळाळतो, पण छपाईच्या चार शाईंत तो रंग बसत नाही. कागदावर तो मलूल किंवा जांभळट उतरतो. काम छापायचे आहे हे आधीच ठाऊक असेल तर पीकॉक ब्लू, मॉव्ह किंवा सीटीओ या कुळातले रंग घ्यावेत आणि ग्राहकाला छापील नमुना दाखवूनच मंजुरी घ्यावी.

ज्यांना या मार्गाने सुरुवात करायची आहे त्यांनी आधी मध्यम करड्या कागदाचा एक रोल, त्यासोबत २०५, ११५ आणि १२६ या तीन शीट आणि बॅकड्रॉपच्या दिव्यासाठी बार्न डोअर एवढेच घ्यावे. मी शीट पुण्या-मुंबईहून मागवतो. त्या सपाट पाकिटात न मागवता नळीत गुंडाळून मागवाव्यात, म्हणजे वाटेत घडी पडत नाही. या तिन्हींवर हात बसल्यावर १०६ चा लाल आणि ११३ चा मजेंटा घ्यावा. दोन दिवे असतील तर लाल एका बाजूने आणि ११९ चा निळा दुसऱ्या बाजूने टाकून मधोमध मजेंटाची छटाही तयार करता येते. १८१ क्रमांकाचा काँगो ब्लू मात्र सर्वांत शेवटी घ्यावा. तो नमुना-पुस्तिकेत मन मोहून टाकतो, परंतु त्यातून इतका थोडा प्रकाश बाहेर येतो की करड्या कागदावर तो उमटवायला मोठ्या ताकदीचा फ्लॅश लागतो, आणि तसा फ्लॅश नसेल तर त्या एका रंगासाठी पांढरा कागद लावणेच बरे.